सुराखालचा आवाज

१

रामदासबुवांच्या जन्मशताब्दीची सीडी निघायला थोडेच दिवस राहिले होते, आणि कर्वे रोडवरच्या स्टुडिओतून मला फोन आला की तुमच्या संस्थेनं पाठवलेला माल अस्सल नाही.

'माल' हा शब्द मला झोंबला. तो गोदाबाई वेलणकरांचा आवाज होता.

मी दिगंबर फडणीस. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो आणि सदाशिव पेठेतल्या 'रामदासबुवा संगीत संग्रह' या लहानशा संस्थेचा विश्वस्त झालो. रामदासबुवा आष्टेकर फार मोठे गवई, पण यंत्रासमोर ते कधीही गायले नाहीत. त्यांचं जे काही उरलं ते त्यांच्या शिष्या गोदाबाई यांच्या गळ्यात. गोदाबाईही मैफलीत क्वचित बसल्या. पण त्यांचे यजमान रावसाहेब टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते. त्यांनी हौसेनं मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर घरी आणला आणि बाईंची रोजची तालीम वर्षानुवर्षं त्यात साठत गेली. दोघं गेल्यावर त्या टेपा संस्थेकडे आल्या.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २००५ साली, उत्तरेश्वर शिंगारे या लातूरच्या तरुण इंजिनिअरनं त्या संगणकावर उतरवून घेतल्या. टेपांचा लेप सुटायला लागला होता. वाजताना तपकिरी भुकटी खाली पडायची. बऱ्याच टेपा एकदाच वाजल्या आणि संपल्या. म्हणजे आता गोदाबाई जिवंत होत्या त्या फक्त संगणकाच्या फाइलींमध्ये.

स्टुडिओवाल्याचं म्हणणं असं, की फाइलींवर नाव 'लॉसलेस'चं आहे, म्हणजे काहीही न गमावता साठवलेल्या. पण आत आवाज आहे तो एमपीथ्रीचा, अर्धाअधिक फेकून दिलेला. बाहेर पैठणीची पेटी आणि आत पॉलिस्टर, असं तो म्हणाला. "त्या तुमच्या लातूरच्या माणसानं टोपी घातली तुम्हाला. मूळ टेपा पुन्हा वाजवा."

मूळ टेपांच्या जागी आमच्याकडे भुकटी होती.

२

विश्वस्तांच्या बैठकीत निकाल लागायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. उत्तरेश्वरनं फसवलं. बापूराव अध्यक्ष. ते रामदासबुवांचे हयात असलेले शेवटचे शिष्य, गोदाबाईंचे गुरुबंधू, वय एक्याऐंशी. त्यांचा नातू आमोद संस्थेची वेबसाइट सांभाळायचा, तोही होता. आणि नम्रता केतकर. बुवांच्या बंदिशींवर तिनं डॉक्टरेट केली होती आणि सीडीबरोबर तिचं पुस्तक निघणार होतं. आमोद म्हणाला, त्या माणसावर पोलिसांत तक्रार करू. नम्रता म्हणाली, आता काय उपयोग, आहे त्यावर सीडी काढू. सामान्य श्रोत्याला फरक कळणार नाही.

मला उत्तरेश्वर आठवत होता. एकेक टेप वाजवण्याआधी तो मऊ कापडानं डोकं पुसायचा. टेपरेकॉर्डरचं, स्वतःचं नव्हे. असा माणूस शेवटी खोट्या फाइली देईल हे मला पटेना. तक्रार करण्याआधी मी आनंदी दामलेला फोन केला.

आनंदी माझी विद्यार्थिनी. शाळेत निबंध दीड पानाचा सांगितला तर अर्ध्या पानात संपवायची, आणि त्यातून एक शब्द काढता यायचा नाही. आता ती बाणेरच्या एका कंपनीत मोबाइलमध्ये जास्तीत जास्त गाणी मावतील असं सॉफ्टवेअर लिहायची. म्हणजे गाण्यातून काय फेकायचं हे ठरवणं, हाच तिचा पोटापाण्याचा धंदा.

ती दुसऱ्याच दिवशी स्कूटरवर आली. संस्थेच्या कपाटातली हार्ड डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली आणि पडद्यावर गोदाबाईंच्या पूरिया कल्याणाचं चित्र काढलं, जड स्वर खाली आणि बारीक स्वर वर दाखवणारं. खाली केशरी जंगल, आणि वर एका रेषेत सगळं कापलेलं. माळ्यानं मेंदी छाटावी तसं.

"एमपीथ्री वरचे स्वर असे छाटते," ती म्हणाली. "स्टुडिओवाला बरोबर आहे, सर."

मी तिला म्हटलं, मला समजेल असं सांग. तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी आजही लोकांना सांगतो. नऊवारी लुगडं नीट घडी घालून लहान पेटीत बसवलं तर ते लॉसलेस. उलगडलं की काठापासून पदरापर्यंत तेवढंच. लॉसी म्हणजे, नेसल्यावर जो भाग आत खोचला जातो, कुणाला दिसत नाही, तो कात्रीनं कापून टाकायचा. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. झाकलेला कानाला कळत नाही, म्हणून तो काढून टाकायचा. नेसलेल्या बाईकडे बघून फरक कळणार नाही.

"आणि या डिस्कवर कापलेल्याच लुगड्याची पुन्हा घडी घातली आहे," आनंदी म्हणाली. "आता प्रश्न एवढाच, की कात्री कुणी चालवली, आणि कधी."

३

वाघोलीच्या एका कॉलेजात उत्तरेश्वर प्रयोगशाळा सांभाळत होता. नगर रस्त्याची धूळ खात आम्ही पोचलो तेव्हा तो तास संपवून बाहेर येत होता. आरोप त्याच्या कानावर आधीच गेला होता. आमोदनं फोनवर त्याला नको ते सुनावलं होतं. तरी त्यानं आम्हाला आधी चहा पाजला.

"मी दिलं ते सगळं लॉसलेसच होतं, मॅडम," तो म्हणाला. "मला दुसरं काही म्हणायचं नाही."

आनंदीनं त्याला पुरावा मागितला नाही. तिनं विचारलं, काम करताना अडचणी काय आल्या? तो मोकळेपणानं बोलायला लागला. लेप सुटायचा. काही टेपा मूळच्याच जरा चढ्या वाजायच्या, कारण रावसाहेबांचं यंत्र रेकॉर्ड करताना मंद चालत असावं. पण संग्रहाच्या प्रतीत सुधारणा करायची नसते म्हणून त्यानं त्या तशाच ठेवल्या. टेपेची खरखर फाइलीत मावता मावत नव्हती. खरखरीला काही नियम नसतो, त्यामुळे तिची घडी बसत नाही. एक हार्ड डिस्क भरली आणि दुसरी मागवावी लागली.

दुसरी डिस्क म्हटल्यावर मला आठवलं. त्या वेळी बापूराव तिरकसपणे म्हणाले होते, की गोदूताई आयुष्यभर दोन खोल्यांत राहिली, आता तिला दोन डिस्का लागतात. बैठकीत सगळे हसले होते.

आनंदी एकदम ताठ बसली. "सर, कपाटात डिस्क किती आहेत?"

"एक."

"आणि तिच्यावर सगळ्या टेपा आहेत. नेमकी किती ते मोजलं नाही, पण वर बरीच जागा मोकळी आहे." ती उत्तरेश्वरकडे वळली. "खरखर काढून टाकली की घडी छान बसते ना?"

तो नुसता हसला. हे त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती. दोन डिस्का भरतील एवढं त्यानं दिलं होतं, आणि आज तेच सगळं एका डिस्कवर ऐसपैस मावत होतं. म्हणजे उत्तरेश्वरनं काम सोपवल्यानंतर संस्थेच्या कपाटात कुणीतरी अदलाबदल केली होती.

माझ्याखेरीज कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. बापूराव, आमोद आणि नम्रता.

निघताना उत्तरेश्वर म्हणाला, "अजून एक आहे. तेव्हा चहाच्या वेळी सगळ्यांसमोर बोललो होतो, कुणी मनावर घेतलं नाही. एक-दोन टेपांत गाण्याखाली दुसरा आवाज आहे."

४

त्यानं समजावून सांगितलं. रावसाहेबांच्या यंत्रावर जुनी टेप पुसून नवी भरताना टेपेच्या पट्टीच्या एका कडेला आधीचं थोडं शिल्लक राहायचं. उत्तरेश्वरनं पट्टीची डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी वाचली होती. वरचं गाणं दोन्ही बाजूंना सारखं. खालचं उरलेलं एकाच बाजूला. एकातून दुसरं वजा केलं की गाणं जवळजवळ नाहीसं होतं आणि खालचं वर येतं. त्यानं एकदाच करून पाहिलं होतं. बाईचा आवाज होता, गुणगुणल्यासारखा. शब्द लागले नाहीत. पुढे काम संपलं आणि राहून गेलं.

परतीच्या वाटेवर आनंदी स्कूटर चालवत होती, मी मागे बसलो होतो. येरवड्याच्या सिग्नलला स्कूटर थांबवून मागे न बघता तिनं मला विचारलं, "सर, तुम्हाला एखाद्याची कविता चोरायची असेल तर वही पळवाल की उतरून घ्याल?"

मी म्हटलं, उतरून घेईन.

"तेच. ज्याला हे रेकॉर्डिंग विकायचं असेल, तो नक्कल करून नेईल. डिजिटल नक्कल मुळाइतकीच चांगली असते, कुणाला पत्ताही लागत नाही. मूळ हलवायचं कारण एकच. मूळ तिथे असू नये असं कुणाला तरी वाटत होतं."

"पण मग पुसून का नाही टाकलं?"

"पुसलं तर बोभाटा होतो. बदललं तर होत नाही. गाणं सगळं ऐकू येतं, आणि गेलं ते फक्त खोचलेलं." सिग्नल सुटला. "त्या माणसाला गाणं नको होतं असं नाही. त्याला गाण्याखालचं नको होतं."

५

पहिली भेट आमोदची. विश्रांतवाडीला त्याचा फ्लॅट, भिंतीएवढा टीव्ही. चिडलेलाच होता. त्यानं सांगितलं की वेबसाइटसाठी त्यानं सगळ्या टेपांचे एमपीथ्री केले होते, अगदी उघडपणे, संस्थेच्या ठरावानं. मधली बोलणी, खोकणं, शिष्यांना दिलेले टोमणे कापून फक्त गाणं ठेवलं. "मला ते ओरिजिनल कशाला हवंय? माझ्याकडे स्पेसच नाही." उत्तरेश्वरच्या त्या चहाच्या वेळच्या बोलण्याबद्दल विचारलं तर त्याला आठवेना.

आनंदीनं तिथेच लॅपटॉप उघडून दोन्ही ताडून पाहिलं. कपाटातल्या फाइलींमध्ये खोकणंही होतं आणि टोमणेही. आमोदच्या फाइलींपासून त्या बनलेल्या नव्हत्या.

मला मात्र आमोद सुटला याचा आनंद होईना. तो सुटला की उरत होते बापूराव. बुवांवर त्यांची श्रद्धा अशी, की बुवांनी तंबोरा ज्या खुंटीला टांगला ती खुंटीसुद्धा त्यांनी जपून ठेवली होती. टेपेखाली बुवांना उणेपणा आणणारं काही निघणार असेल, तर ते दडपायला या माणसानं काय केलं नसतं?

आम्ही गेलो तेव्हा ते आरामखुर्चीत होते. आनंदीनं अदबीनं विचारलं, आपण कपाटातल्या फाइली अलीकडे ऐकल्या होत्या का? ते म्हणाले, सीडीसाठी निवड त्यांनीच केली, आमोदनं लावून दिल्या. तिनं पुढे विचारलं, आवाजात काही खटकलं का?

"माझ्या वयाला वरचे आवाज ऐकू येत नाहीत. बायकोनं आतून हाक मारली तर तेही येत नाहीत, आणि त्याची मला तक्रार नाही." मग म्हणाले, "एक मात्र बरं झालं. सूर सुधारला."

आनंदीनं विचारलं, सुधारला म्हणजे?

गोदूताईची पट्टी पेटीची काळी चार, ते म्हणाले. टेपा उतरवल्या तेव्हा ऐकलं होतं, तर त्या चढ्या वाजायच्या, काळी पाचकडे झुकलेल्या. कानाला टोचायचं. आता सगळ्या काळी चारवर नेमक्या बसतात. त्या लातूरच्या मुलानं दुरुस्त केलं असणार. कुणाचं का असेना, काम चांगलं केलं.

मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, एवढंच मला वाटलं. आनंदीनं त्यांना वाकून नमस्कार केला. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या मुली हल्ली असा करत नाहीत.

जिन्यात मी विचारलं, नमस्कार कशाबद्दल?

"दोन वर्षांपूर्वी ऐकलेला सूर त्यांच्या डोक्यात अजून जसाच्या तसा आहे, सर. त्याला लॉसलेस म्हणतात."

६

उरली नम्रता. तिच्या घरी दार उघडंच होतं. आत ती पेटी घेऊन गोदाबाईंच्या टेपेबरोबर गात होती. बाईंनी एक जागा घ्यायची आणि हिनं त्यांच्या मागून घ्यायची. फार सुंदर. आम्हाला बघून तिनं पेटीचा भाता बंद केला आणि संगणकावरचं गाणं थांबवलं.

ती शांतपणे बोलली. किल्ली तिच्याकडे असते, खरं आहे. पण गोदाबाईंच्या आवाजाला कोण हात लावेल? तिनं स्वतः बाईंना पाहिलेलं नाही. त्या टेपांवरच ती शिकली. बुवांच्या बंदिशी लोकांपुढे याव्यात म्हणून तिनं आयुष्याची उमेदीची वर्षं दिली. हे सांगताना तिचा आवाज खरा होता, आणि मला तिची बाजू घ्यावीशी वाटली.

आनंदीनं फारसं विचारलं नाही. बाहेर येऊन, कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये बसून, तिनं उत्तरेश्वरला फोन लावला. सूर उतरवून, पट्टीत बसवून, कुणाला प्रती करून दिल्या होत्या का, एवढंच विचारलं. उत्तर ऐकून तिनं फोन ठेवला.

"एकीलाच," ती म्हणाली. "सर, तंबोरा हवा तसा जुळवता येतो. पेटीचे सूर पक्के असतात, ते हलत नाहीत. चढ्या टेपेबरोबर पेटी वाजवून बघा, अंगावर काटा येईल. नम्रताताईंनी रियाजासाठी उत्तरेश्वरकडून सगळ्या टेपांच्या एमपीथ्री प्रती मागून घेतल्या. खोकण्यासकट, टोमण्यांसकट, फक्त काळी चारवर आणलेल्या."

मी म्हटलं, पण एमपीथ्री करताना सूर आपोआप खाली गेला असेल.

ती मान हलवत म्हणाली, "घडी घाला नाही तर कात्री लावा, काठाचा रंग बदलत नाही. कुठलीही पद्धत सूर हलवत नाही. हलवला तर माझी नोकरी जाईल. संग्रहात उत्तरेश्वरनं चढा सूर ठेवला होता. आज तिथे उतरवलेला आहे. तो एकाच घरातून येऊ शकतो."

चहा तसाच ठेवून आम्ही परत जिना चढलो.

७

आनंदीनं नम्रताला हे सगळं सांगितलं तेव्हा एकदाही आवाज चढवला नाही. दुसरी डिस्क, नक्कल आणि मूळ यातला फरक, आणि शेवटी पट्टी. नम्रता पेटीच्या झाकणावर हात ठेवून ऐकत होती. मग ती उठली, आतल्या खोलीत गेली. मला वाटलं आता दार लागेल. ती परत आली तेव्हा तिच्या हातात रुमालात गुंडाळलेल्या दोन हार्ड डिस्का होत्या.

"पुसायचं ठरवलं होतं," ती म्हणाली. "पुसायला बसले, की बाईंचं गाणं सुरू व्हायचं."

तिनंच मग सांगितलं. त्या चहाच्या गप्पांनंतर बऱ्याच महिन्यांनी उत्सुकता म्हणून तिनं वजाबाकी करून पाहिली होती. तोवर प्रबंध झाला होता, पदवी मिळाली होती, पुस्तक छापायला गेलं होतं. खाली जे होतं ते तिनं एकदा ऐकलं आणि संगणक बंद केला. पुढच्याच आठवड्यात तिनं अदलाबदल केली. उत्तरेश्वरवर आळ येईल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आला तेव्हा बोलायचा धीर झाला नाही.

मी विचारलं, खाली आहे तरी काय?

तिनं लॅपटॉप आनंदीकडे सरकवला. "तुम्ही काढा. मला पुन्हा ऐकवणार नाही."

आनंदीनं डिस्क जोडली. मूळ पूरिया कल्याण उघडला. आता पडद्यावरचं केशरी जंगल वरपर्यंत वाढलेलं होतं, कुठेही छाटलेलं नव्हतं. तिनं डावा भाग घेतला, उजवा उलटा करून त्यात मिळवला. गाणं विझल्यासारखं मागे गेलं.

आधी स्टोव्हचा फरफर आवाज आला. मग भांडं ठेवल्याचा. आणि मग एक बाई, गुणगुणत. 'दीप धरो री आज अँगनवा'. बुवांची सगळ्यात गाजलेली बंदिश. पण ती नीट येत नव्हती. बाई अडत होत्या. पुन्हा सुरुवात करत होत्या. आणि मग स्पष्ट, घरातल्या साध्या बोलण्यात:

"नाही. 'धरो' जड होतंय. 'बरो' करून बघू का? दीप बरो री... हं. नाही, अर्थ गेला. 'धरो'च राहू दे, सम अलीकडे घेते."

पुन्हा गुणगुणणं. या वेळी सम अलीकडे आली, जिथे ती आज सगळं जग घेतं. स्टोव्ह विझवल्याचा आवाज. आणि बाई स्वतःशीच हसल्या.

टेलिफोन इंजिनिअरचं ते महागडं यंत्र रावसाहेब कामावर गेल्यावर गोदाबाईंनी पाटीसारखं वापरलं होतं. लिहायचं, पुसायचं. बंदिश बुवांची नव्हती. स्वयंपाक करता करता ती त्यांनी स्वतः रचली होती, आणि मग पाटी पुसून तिच्यावर तालीम भरली होती.

८

बापूरावांना सांगायचं कुणी, यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी नम्रता म्हणाली, मी सांगते. तिनं सांगितलं, आणि आनंदीनं ऐकवलं. उत्तरेश्वरलाही बोलावून घेतलं होतं. बापूरावांनी सगळ्यांसमोर त्याची क्षमा मागितली आणि त्याला आपल्या शेजारी बसवलं.

ऐकून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, की बुवा गेल्यानंतर गोदूताईनं एकेक करून त्यांना ही आणि अशाच आणखी बंदिशी दिल्या. प्रत्येक वेळी म्हणायची, बुवांनी मला सांगितली होती, तू मैफलीत गा. त्यांनी जन्मभर तेच सांगून त्या गायल्या.

"बुवांची म्हटल्यावर मी मान खाली घालून शिकलो," बापूराव म्हणाले. "तिची म्हणाली असती, तर आधी दोन चुका काढल्या असत्या. मग कदाचित गायलो असतो, कदाचित नाही. तिला ते ठाऊक होतं."

नम्रतानं विचारलं, त्यांना नाव नको होतं का?

"नाव हवं होतं की नाही, मला माहीत नाही. गाणं गायलं जायला हवं होतं, एवढं कळतंय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आमच्यात बुवांनंतर कोण मोठं, यावर आम्ही गुरुबंधू आयुष्यभर भांडलो. ती आत चहा टाकत होती."

सीडी पुढे ढकलली. नम्रतानं प्रकाशकाकडून पुस्तक मागे घेतलं. विद्यापीठालाही जे घडलं ते कळवलं. त्याचे परिणाम तिला भोगावे लागले, नोकरी मिळायची होती तीही गेली. बापूरावांनी मात्र तिला संस्थेतून जाऊ दिलं नाही. ते म्हणाले, या बाईचं संगीत सगळ्यात जास्त कुणी ऐकलंय तर हिनंच. आता खरं पुस्तकही हिनंच लिहावं. आमोदला ते रुचलं नाही. त्यानं वेबसाइट सोडून दिली आणि दोन महिन्यांनी मुकाट्यानं पुन्हा हातात घेतली.

त्यानंतर दर रविवारी उत्तरेश्वर वाघोलीहून यायचा, आनंदी बाणेरहून यायची, आणि दोघं मिळून एकेक टेपेखालचं उकलत बसायची. आनंदी म्हणायची, आठवडाभर फेकते, रविवारी वेचते. बऱ्याच टेपांखाली काही नव्हतं. काहींखाली बाजाराच्या याद्या, रावसाहेबांची चाचणी, वन टू थ्री. पण तीन ठिकाणी पुन्हा त्या होत्या, आणि त्यातली एक बंदिश अशी निघाली की जी त्यांनी कुणालाच दिली नव्हती. बापूरावांनी तीनदा ऐकली आणि सांगितलं की ही मी उभ्या आयुष्यात ऐकलेली नाही.

शताब्दीचा कार्यक्रम वर्षभरानं झाला, टिळक रस्त्यावरच्या एका सभागृहात. ती नवी बंदिश कुणी गायची हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांना वाटलं बापूराव गातील. ते म्हणाले, माझा गळा आता याच्या लायकीचा नाही, नम्रता गाईल. तिनं नाही म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. "बाईंच्या गाण्याखालून तू हे काढून टाकलंस," ते तिला म्हणाले, "आता बाईंच्या नावाखाली तूच ते उभं कर. दुसऱ्या कुणाला मी देणार नाही."

त्या दिवशी ती पांढरी साडी नेसून बसली. तंबोरे जुळले. समोर पहिल्या रांगेत आनंदी आणि उत्तरेश्वर शेजारी शेजारी. बापूराव तिच्या मागे तंबोऱ्यावर बसले होते. ब्याऐंशी वर्षांचा गवई आपल्या शिष्येच्या वयाच्या मुलीला साथ करत. निवेदकानं माइक हातात घेतला, तर नम्रतानं खुणेनं त्याला थांबवलं. हे तिला स्वतः सांगायचं होतं.

राग तिनं सांगितला नाही, ताल सांगितला नाही. फक्त म्हणाली, "रचना, गोदाबाई वेलणकर," आणि षड्ज लावला.